जुनाट आजार आहे, मग दिव्यांग सर्टिफिकेट आणि सवलतींसाठी अर्ज कसा करायचा (पुण्यातल्यांसाठी)

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या, मग पुढचे निम्मे गोंधळ होणारच नाहीत. सरकार आजाराच्या नावाला पैसे देत नाही. म्हणजे काही ठिकाणी देतं, ते पुढे सांगते, पण बहुतेक ठिकाणी प्रश्न एकच असतो की या आजारामुळे तुमच्या शरीराचं कुठलं काम किती बंद पडलंय आणि ते कोणी मोजून कागदावर दिलंय का. मला रूमॅटॉइड म्हणजे सांध्यांचा संधिवात आहे, बरीच वर्षं झाली, आणि डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये बसल्यावर दर वेळी कोणीतरी विचारतंच की ताई तुम्ही ते कार्ड कसं काढलंत, आमच्या ह्यांना पण मिळेल का. तर मिळेल का याचं उत्तर 'तुम्ही कुठल्या रांगेतले' यावर आहे, म्हणून आधी रांग ठरवा, मग फॉर्म उघडा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यात जुनाट आजार म्हणता येतील असे मोजकेच: मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस), पार्किन्सन्स आणि तसे मेंदू-मज्जासंस्थेचे दीर्घ आजार, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, आणि मानसिक आजार. यातलं काही असेल तर तुमचा आजार थेट यादीत आहे, पण तेवढ्यावर खूश होऊ नका, कारण बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं आणि ते टक्के बोर्डच, म्हणजे सरकारी हॉस्पिटलात तपासणारे डॉक्टरच ठरवणार.

दुसरी रांग माझ्यासारख्यांची. संधिवात यादीत नाहीये. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणजे मणका आखडवणारा संधिवात, तोही नाहीये. डायबेटिस नाहीये, बीपी तर नाहीच नाही. पण संधिवाताने मनगटं जाम झाली, बीपीमुळे स्ट्रोक होऊन एक बाजू गेली, डायबेटिसने पाय कापावा लागला किंवा नजर गेली, तर ते जे नुकसान आहे ते यादीत आहे, लोकोमोटर म्हणजे हाता-पायाच्या हालचालीचं म्हणून किंवा दृष्टी म्हणून. म्हणजे फॉर्ममध्ये आजार शोधत बसायचं नाही, नुकसान शोधायचं. खूप जण यादीत 'आर्थ्रायटिस' दिसत नाही म्हणून पोर्टल बंद करून मोकळे होतात.

तिसरी रांग किडनी, हार्ट, कॅन्सर, लुपस, फुप्फुसाचे आजार वगैरे. इथे आजारामुळे माणूस घराबाहेर पडू शकत नसला तरी हाता-पायाला, डोळ्याला मोजण्यासारखं काही झालेलं नसेल तर दिव्यांग सर्टिफिकेट मिळणं जवळपास अशक्य. अन्याय वाटतो, आहेच. पण या मंडळींसाठी वेगळे दरवाजे आहेत आणि त्यांची माहिती कोणी देत नाही, सगळे एकाच कार्डाच्या मागे पळतात. ते खाली वेगळं लिहिलंय, तिसऱ्या रांगेतले असाल तर सरळ तिथे उडी मारा.

आता अर्ज. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, केंद्र सरकारचं स्वावलंबन पोर्टल आहे, मोबाईलवरनं पण होतं पण कंप्युटरवर बरं पडतं. आधार, पासपोर्ट फोटो, पत्त्याचा पुरावा आणि सहीचा फोटो लागतो, सही जमत नसेल तर अंगठा चालतो. नाव आधारवर जसं आहे तसंच्या तसं टाका, लग्नाआधीचं-नंतरचं, मधलं नाव, सगळं. इथे एका अक्षराचा फरक राहिला की तो पुढे बँकेत, तहसीलमध्ये, सगळीकडे तुमच्या मागे येतो. मोबाईल नंबर स्वतःचा द्या, सायबर कॅफेवाल्याचा नाही, ओटीपी आणि मेसेज त्यावरच येणार. पोर्टलवर अर्ज फुकट आहे. महा ई-सेवा केंद्रातनं भरून घेतला तर त्याचे थोडे पैसे घेतील ते ठीक, पण 'टक्के वाढवून देतो' म्हणणारा कोणी भेटला तर तिथनं उठा. खोटं सांगून दिव्यांगांचे फायदे घेतले तर याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि एजंटाचं काही जात नाही, नाव तुमचं असतं.

फॉर्ममध्ये हॉस्पिटल निवडायचं असतं. पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय, ससून, पिंपरीकडच्यांना वायसीएम. जवळचं कुठलं यापेक्षा तुमच्या आजाराचा स्पेशालिस्ट कुठे बसतो ते बघा, एमएसवाल्याला न्यूरोलॉजिस्ट लागणार, माझ्यासारखीला ऑर्थो. तपासणीचे वार ठरलेले असतात आणि ते बदलतात, म्हणून कोणाच्या सांगण्यावर न जाता फोन करून किंवा कोणाला तरी आधी पाठवून विचारून घ्या. शेवटी अर्जाचा नंबर मिळतो, त्याची प्रिंट काढा आणि फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांना पाठवून ठेवा.

यानंतरचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि त्याच्यावर कोणी वेळ घालवत नाही, तो म्हणजे फाईल. बोर्डाचे डॉक्टर तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा बघणार, मागे मोठी लाईन असते, ते तुमची दहा वर्षांची जाडजूड फाईल चाळत बसणार नाहीत. त्यामुळे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडनं एक पानाचं पत्र घ्या, लेटरहेडवर, सही शिक्का रजिस्ट्रेशन नंबर सगळं. आणि पत्रात काय लिहायचं ते तुम्ही सांगा, भीड ठेवू नका. डॉक्टर सवयीने लिहितात 'संधिवाताची रुग्ण, औषधोपचार सुरू, प्रकृती स्थिर'. या वाक्याने तुमचं काम होणार नाही, उलट स्थिर म्हणजे बरीच की! त्याऐवजी असं हवं की दोन्ही मनगटं अमुक डिग्रीच्या पुढे वळत नाहीत, उजव्या हाताची मूठ पूर्ण मिटत नाही, उजव्या हाताने भरलेला तांब्या उचलता येत नाही, आधाराशिवाय जिना चढता येत नाही, आजार अमुक सालापासून, ही ही औषधं देऊन झाली, आणि हे नुकसान कायमचं आहे किंवा वाढत जाणारं आहे. डॉक्टरांना खोटं काही लिहायला सांगत नाही आपण, जे रोज घरात होतं तेच मोजून लिहा म्हणतोय. माझ्या डॉक्टरांनी तर हसून विचारलं की हे आधी का नाही सांगितलंत, मी दर वेळी तुम्हाला कसं वाटतंय विचारतो तेव्हा तुम्ही 'चाललंय' म्हणता.

पत्राच्या मागे शेवटचे एक्स-रे किंवा एमआरआयचा रिपोर्ट, रक्ताचे अलीकडचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्डं, ऑपरेशन झालं असेल तर त्याचे कागद. नवीन वर, जुनं खाली. ओरिजिनल वेगळ्या फोल्डरमध्ये आणि झेरॉक्सचे दोन सेट, सेल्फ अटेस्टेड. हॉस्पिटलबाहेर झेरॉक्स मिळते पण दुखऱ्या पायांनी परत गेटपर्यंत जाऊन येणं म्हणजे दिवसाची सगळी ताकद तिथेच संपते.

तपासणीच्या दिवशी कोणाला तरी बरोबर न्याच. केसपेपर काढायची लाईन वेगळी, डॉक्टरांची वेगळी, मग एक्स-रेला पाठवलं तर ती वेगळी, या सगळ्या लाईनीत तुम्ही उभं राहायची गरज नाही, बरोबरचा माणूस राहू दे, तुम्ही बाकावर बसा. डबा, पाणी, दुपारची औषधं घ्या. काठी, स्प्लिंट, नी कॅप, बेल्ट, जे रोज वापरता ते वापरूनच जा. मुद्दाम लंगडू नका आणि मुद्दाम चांगलंही दिसू नका, हे दुसरं जास्त होतं, आपल्याकडे डॉक्टरकडे जाताना ठेवणीतली साडी आणि हसरा चेहरा, आणि कसं काय विचारलं की 'बरंय, तुमच्या कृपेने'. तिथे असं नको. मला एका ठिकाणी काउंटरवरच्या माणसाने वर-खाली बघून ऐकवलं होतं की 'दिसता तर चांगल्या'. त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याच्या हातात टक्के नसतात.

आत गेल्यावर मोजमाप कसं होतं ते सांगते, म्हणजे दडपण येणार नाही. कंपासपेटीतल्या कोनमापकासारखं एक दोन पट्ट्यांचं साधन असतं, ते मनगटावर, कोपरावर, गुडघ्यावर ठेवून डॉक्टर बघतात की सांधा किती अंश वळतो. आधी तुम्हाला स्वतः वाकवायला सांगतात, मग ते स्वतः हलवून बघतात. मग त्यांची बोटं दाबायला लावतात, म्हणजे ताकद किती. शर्टाचं बटण लावा, पेन धरा, खाली बसून उठा, एका पायावर उभं राहा. यातल्या प्रत्येक गोष्टीचे गुण असतात. दुखणं मात्र आकड्यात धरणं अवघड आहे. तुम्ही दात-ओठ खाऊन हात पूर्ण वर नेलात तर कागदावर 'हात पूर्ण वर जातो' एवढंच लिहिलं जाणार. म्हणून जिथे दुखायला लागतं तिथे थांबा आणि तोंडाने सांगा की डॉक्टर इथपर्यंतच, याच्या पुढे नेलं तर रात्रभर झोप नाही. 'सकाळी दोन तास बोटं उघडत नाहीत' असं सांगा. 'खूप त्रास होतो' याने त्यांना काहीच कळत नाही.

एकापेक्षा जास्त ठिकाणी नुकसान असेल तर सगळं दाखवा, एकच दाखवून थांबू नका. समजा एमएसमुळे पायाला ३० टक्के आणि नजरेला ३० टक्के धरलं, तर सरळ बेरीज करून ६० होत नाही, मोठ्या आकड्यात लहान आकडा एका सूत्राने मिळवतात, ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, त्याला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि ते मोठ्या आकड्यात टाकायचं. इथे ३० अधिक २० म्हणजे ५० टक्के. पण नुसता पाय दाखवून आला असतात तर ३० वरच राहिला असतात आणि ४० ची रेघ गाठलीच नसती. डोळ्यांचं, लघवीवरच्या कंट्रोलचं, विसरण्याचं, जे काही आहे ते लाज न बाळगता सांगा, ते पण त्या त्या डॉक्टरकडे पाठवतील, फेऱ्या वाढतील पण कराच.

एमएससारख्या वर-खाली होणाऱ्या आजारात भर अटॅकमध्ये गेलात तर 'आधी उपचार होऊ दे, मग या' म्हणतात किंवा ठरावीक मुदतीचं, टेंपररी सर्टिफिकेट देतात. ते काही वाईट नाही, घ्या. फक्त मुदत कधी संपते ते बघा.

२०२४ च्या बदललेल्या नियमांप्रमाणे सर्टिफिकेटवर निर्णयाला तीन महिन्यांपर्यंत वेळ आहे. पोर्टलवर स्टेटस बघत राहा. झालं की कार्ड पोस्टाने येतं पण त्याची वाट बघायची गरज नाही, पीडीएफ डाऊनलोड होते, डिजिलॉकरमध्ये पण येते. नवीन कार्डांना रंग आहेत, ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० च्या वर निळं. नाव, जन्मतारीख, टक्के आणि 'पर्मनंट का टेंपररी' हे चारही तिथल्या तिथे तपासा. हे सर्टिफिकेट भारतभर चालतं, मुलाकडे बंगलोरला राहायला गेलात तरी तेच.

टक्के कमी पडले किंवा नाकारलं तर नाकारल्याचं कारण लेखी मागा, ते द्यावंच लागतं. मग अपील करता येतं, कायद्यात सोय आहे, कुणाकडे करायचं ते त्याच हॉस्पिटलात लेखी विचारा. अपिलात नुसतं 'अन्याय झाला' लिहू नका, कुठला सांधा किंवा कुठली तपासणी राहून गेली ते लिहा आणि नवीन रिपोर्ट जोडा. बाकी कुठे दाद लागत नसेल तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं ऑफिस आपल्या पुण्यातच कॅम्पात आहे, नागपूर-गडचिरोलीची माणसं तिथे येतात आणि आपल्याला ते माहितीही नसतं.

आता कार्ड हातात आल्यावर काय मिळतं. कार्ड आलं म्हणजे पैसे सुरू झाले असं अजिबात नाही, प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज.

दरमहा पैसे म्हणजे संजय गांधी निराधार योजना. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये, आधी १,५०० होते. अट अशी की ४० टक्के, वय १८ ते ६५, महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा, आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० च्या आत. पुण्यात वर्षाला पन्नास हजारात कुठलं कुटुंब जगतं ते मला विचारू नका, भाड्यालाच पुरत नाहीत, पण अट ती आहे. तहसील ऑफिसच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतूत अर्ज, उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, रहिवासी दाखला, यूडीआयडी, रेशन कार्ड, आणि बँक खातं आधारला जोडलेलं. हे शेवटचं आधी बँकेत जाऊन पक्कं करा कारण पैसे आधारवरून खात्यात येतात. खाती दोन-तीन असतील तर कुठल्या खात्याला जोडलंय ते बघा, 'मंजूर झालं पण पैसे येत नाहीत' या तक्रारीत बहुतेक वेळा हेच निघतं. ६५ च्या पुढे श्रावणबाळ योजना. आणि वर्षातनं एकदा हयातीचा दाखला, विसरलात की बंद.

महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत सगळ्यांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. पुणे मनपात समाज विकास विभागाकडे या योजना आहेत, पीएमपीचा पास पण त्यातनंच, पिंपरी-चिंचवडच्या वेगळ्या. दरवर्षी अर्जाची मुदत जाहीर होते, वॉर्ड ऑफिसच्या बोर्डावर लक्ष ठेवा. एसटीला ७५ टक्के सवलत, ६५ टक्क्यांच्या वर असाल तर बरोबरच्या माणसालाही ५० टक्के.

नोकरदारांनी प्रोफेशनल टॅक्स विसरू नका, महाराष्ट्रात कायमस्वरूपी शारीरिक अपंगत्व ४० टक्के असेल तर माफ आहे, वर्षाचे अडीच हजार. एचआरला सर्टिफिकेट मेल करा, बऱ्याच एचआरना हे माहीतच नसतं. इन्कम टॅक्समध्ये जुनी पद्धत घेतली असेल तर ८०यूची वजावट, ४० टक्क्यांना ७५,००० आणि ८० टक्क्यांना १,२५,०००, खर्चाची बिलं लागत नाहीत. नवीन पद्धतीत ही मिळत नाही, त्यामुळे सीएला दोन्हीचा हिशोब करून बघायला सांगा.

सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाबद्दल एक बारीक गोष्ट. कायद्याच्या एकवीस प्रकारांत असलेले सगळे त्या ४ टक्क्यांत नाहीत. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल तिथे नाहीत, एमएस आणि पार्किन्सन्स नावाने नाहीत, लोकोमोटर आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहेत. म्हणून एमएसमुळे चालण्यावर परिणाम झाला असेल तर सर्टिफिकेटवर लोकोमोटरचा उल्लेख आहे का ते बघाच. उच्च शिक्षणातलं ५ टक्के मात्र ४० टक्केवाल्या सगळ्यांना आहे. आणि सरकारी नोकरीत असताना आजारामुळे दिव्यांगत्व आलं तर त्या कारणाने काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही, जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. घाबरून राजीनामा देऊ नका, आधी सर्टिफिकेट काढा.

आता तिसरी रांग, कार्ड नसलेल्यांची. डायलिसिस, हिमोफिलिया, सिकलसेल, एचआयव्हीच्या पेशंटना एसटीच्या साध्या बसमध्ये प्रवास मोफत आहे. जुन्नर-भोरहून आठवड्यातनं दोन-तीनदा पुण्यात डायलिसिसला येणाऱ्यांनी हे कराच. रेल्वेतही कॅन्सर, किडनी, हृदयाचे, थॅलेसेमियाचे पेशंट उपचारासाठी जाताना तिकिटात सवलत घेऊ शकतात, रेल्वेचा ठरलेला नमुना असतो तो हॉस्पिटलकडून भरून घ्यायचा.

संजय गांधी योजनेत दिव्यांगांशिवाय क्षयरोग, पक्षाघात, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या दुर्धर आजारामुळे कमावू न शकणारेही बसतात, टक्के लागत नाहीत, सरकारी दवाखान्याचा म्हणजे सिव्हिल सर्जनचा दाखला लागतो. उत्पन्नाची अट मात्र आणखी कडक, वर्षाला २१,०००, आणि रक्कम १,५००.

चाकण-भोसरीच्या कंपन्यांत पगारातनं ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापलं जात असेल तर तो मोठा आधार आहे. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवस ७० टक्के पगार मिळतो, पण किडनी निकामी, कॅन्सर, टीबी, पार्किन्सन्स, हार्ट फेल्युअर, पक्षाघात असे ३४ आजार आहेत ज्यांना ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मिळू शकतं. त्यासाठी नोकरी सलग दोन वर्षांची हवी, म्हणून आजार कळल्या कळल्या नोकरी सोडू नका, आधी ईएसआय दवाखान्यातनं सर्टिफिकेट चालू करा. पीएफ कापला जात असेल आणि कामाला कायमचे पूर्ण अनफिट झालात तर पेन्शन योजनेत अपंगत्व पेन्शन आहे, तिला दहा वर्षं नोकरीची अट नाही, एक महिन्याचा हप्ता भरलेला असला तरी पुरतं.

किडनी फेल्युअर, कॅन्सर, हिमोफिलिया, थॅलेसेमियाच्या उपचारखर्चावर जुन्या टॅक्स पद्धतीत ८०डीडीबी आहे, ४०,००० पर्यंत, ज्येष्ठ नागरिकांना एक लाखापर्यंत, स्पेशालिस्टचं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा. आणि उपचारासाठी महात्मा फुले योजना, पाच लाखांपर्यंत, डायलिसिस त्यात आहे, हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो त्याला आधी भेटा, बिल भरल्यावर नाही.

टेंपररी सर्टिफिकेटवाल्यांनी मुदत संपायच्या तीन-चार महिने आधीच पोर्टलवर रिन्युअलला टाका, कारण मुदत संपली की एसटी, पास, संजय गांधी सगळं एकदमच अडतं. आणि तपासणीला जाताना मागच्या वेळी दिलेल्या डॉक्टरांच्या पत्राची झेरॉक्स बरोबर न्या, नवीन पत्र त्याच मापांनी लिहून घ्या, म्हणजे तेव्हा मनगट किती वळत होतं आणि आता किती वळतं हे बोर्डाला एका नजरेत दिसतं.